जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सुपरकार नकोत म्हणे!

हँडब्रेक

परवा 'जुनं_ते_सोनं' यांनी आपल्या प्रदर्शनाच्या फोटोंखाली लिहिलं होतं, ते वाचून डोकं फिरलं. तिथे प्रतिसाद देणार होतो, पण लांबला, म्हणून वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पिवळ्याधमक, हिरव्यागार सुपरकार घुसल्यापासून सगळा बट्ट्याबोळ झाला, आणि ज्यांच्या दारात स्वतःची जुनी गाडी नाही त्यांनी मालकांच्या भोवती उगाच गर्दी करू नये.

पहिल्यांदा दुसरा मुद्दा, कारण तो मला लागलाय. माझ्या दारात जुनी गाडी नाही. कधी येईल असंही दिसत नाही. तरी नऊ वर्षं एकही स्थानिक प्रदर्शन चुकवलेलं नाही. दरवाजे उघडायच्या आधी तासभर बाहेर रस्त्यावर उभा असतो, कारण खरी मजा गाड्या आत येतानाच असते. एकदा ओळीत लागल्या की सगळ्या सारख्याच शहाण्या दिसतात. येताना कळतं कोण चोक ओढून धापा टाकतंय, कुणाचा पहिला गिअर किरकिरतोय, कोण ट्रेलरवरून उतरतंय आणि कोण चाळीस किलोमीटर चालवत आलंय. मालकांना मी किंमत कधीच विचारत नाही. विचारतो, 'घेतल्यावर पहिल्यांदा बंद कुठे पडली?' या एका प्रश्नावर माणसं अर्धा अर्धा तास बोलतात. गर्दी करणारा तो मीच.

आता सुपरकार. १९६६ साली मिउरा आली तेव्हा लॅम्बोर्गिनी कंपनी जेमतेम तीन वर्षांची होती. बारा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे, तेही आडवं! तेव्हाही 'ही कसली गाडी' म्हणून नाक मुरडणारे असणारच. आज तीच मिउरा आली तर जुनं_ते_सोनं स्वतः दोरी धरून उभे राहतील. फेरारी एफ-४० ही १९८७ ची. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिवाची, अट ३० वर्षांची, म्हणजे ती केव्हाच जुन्यांत गेली. मग रेघ नेमकी कुठे मारायची, तेवढं सांगा.

जुनं_ते_सोनं

माझ्या नावाने धागा काढलात, आभारी आहे. पण अर्धंच सांगितलंत.

माझी गाडी साधी चार दारांची, चार सिलिंडरची. वडिलांची. तिच्यात दुर्मिळ असं काही नाही, फक्त मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात माझ्या लहानपणीच्या पेनाचा डाग आहे. गेल्या खेपेला आयोजकांनी माझ्या शेजारी एक सुपरकार लावली. दिवसभर माणसं तिचा फोटो काढायला माझ्या गाडीला टेकून उभी. एकाने बॉनेटवर बॅग ठेवली. दुसऱ्याच्या पट्ट्याच्या बकलाने मडगार्डवर वीतभर ओरखडा काढला आणि वर मलाच म्हणाला, 'काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय.' माझ्याच गाडीजवळून मी बाजूला होऊ?

आणि दर पंधरा मिनिटांनी तो मालक उभ्या गाडीला रेस देणार. पोरं ओरडणार, हा पुन्हा देणार. इंजिन ऐकायचं ते असं? रेघ कुठे मारायची विचारता ना? जिथे कानठळ्या सुरू होतात तिथे मारा.

ग्रीसचे_हात

दोघांचंही चाललंय ते चालू द्या, पण खरा रोग वेगळाच आहे. एकतीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली आहेत, म्हणून बोलतो. प्रदर्शनाची वाट लावली ती सुपरकारने नाही. ती लावली आरशासारख्या चकचकीत केलेल्या जुन्या गाड्यांनी.

कारखान्यातून कुठलीच गाडी इतकी गुळगुळीत निघालेली नाही. दारांच्या फटी कमीजास्त असायच्या, रंगाला संत्र्याच्या सालीसारखा पोत असायचा, वेल्डिंगचे ठिपके दिसायचे. हल्ली सगळं घासून, लांबी (पुटी) भरून, वरून जाड क्लिअर कोट मारून मिरवतात. एफ-४० वरून आठवलं. तिचा मूळ रंग इतका पातळ की खालच्या कार्बन-केवलरच्या कापडाची (पत्र्याऐवजी तेच असतं) वीण उजेडात दिसते. ती दिसली नाही, सगळं काचेसारखं लागलं, की समजायचं कुणीतरी पुन्हा रंगवलीय. मालक मात्र अभिमानाने सांगणार, 'नव्यापेक्षा भारी केलीय.' अरे, नव्यापेक्षा भारी म्हणजेच खोटी!

२०२४ ला अमेरिकेत पेबल बीचला, जुन्या गाड्यांच्या त्या नावाजलेल्या स्पर्धेत, पहिला मान कुणाला मिळाला ते आठवा. १९३४ ची बुगाटी टाइप ५९, जतन केलेली, झिजलेल्या रंगासकट. स्पर्धा १९५० पासून चालू आहे, आणि जतन विभागातली गाडी सगळ्यांत वर आली ती तेव्हा पहिल्यांदा. तिकडच्या परीक्षकांनाही कळायला इतकी वर्षं लागली, तर आपल्याकडे कधी उजाडणार कोण जाणे.

सहा_वर्षं_गॅरेजात

ही बुगाटी बेल्जियमच्या राजाकडे होती, तेवढं सोयीस्कर विसरलात का? राजाच्या गाडीची झीज म्हणजे इतिहास आणि आमच्या गाडीची झीज म्हणजे भंगार, असा हा न्याय आहे.

माझी गाडी घेतली तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूने पाय ठेवला आणि पाय थेट जमिनीला लागला. आख्खा तळ सडलेला. दारांखालचे पत्रे बोटाने दाबले की भुगा. ते काय 'मूळ स्वरूपात' जपायचं होतं? सहा वर्षं प्रत्येक रविवार दिलाय मी तिला. मुलगी दुसरीत होती तेव्हा सुरू केलं, पहिल्यांदा रस्त्यावर आणली तेव्हा ती आठवीत. आणि तुम्ही लांबून येऊन एका शब्दात 'खोटी' म्हणणार.

ग्रीसचे_हात

सडलेला पत्रा बदला ना, कोण नको म्हणतंय? मी वरच्या रंगाबद्दल बोलतोय. गंज हा रोग, तो काढायचाच. पण ऐंशी टक्के रंग शाबूत असलेली गाडी केवळ चमक हवी म्हणून पत्र्यापर्यंत खरवडतात, ते पाप आहे. मूळ रंग एकदाच असतो.

अंगाला लावून घेतलंत याचा अर्थ काय घ्यायचा ते तुम्हीच ठरवा.

सहा_वर्षं_गॅरेजात

याचा अर्थ एवढाच की तुम्हाला बोलायचं भान नाही. एकतीस वर्षं गाड्यांखाली झोपलात, कधीतरी वर येऊन माणसांशीही बोलत जा.

टायमिंग_चेन

रंगाचा विषय निघालाच आहे तर माझंही एक. मागच्या प्रदर्शनात लालभडक फोर्ड मॉडेल टी होती आणि पाटीवर 'मूळ रंग'! शेंबड्या पोरालाही माहीत आहे की मॉडेल टी फक्त काळ्या रंगातच आली. आयोजक काहीच तपासत नाहीत का?

हँडब्रेक

शेंबड्या पोराला चुकीचं माहीत आहे. मॉडेल टी आली १९०८ मध्ये. सुरुवातीच्या गाड्या लाल, हिरव्या, करड्या अशा होत्या. फक्त काळा हा नियम १९१४ ते १९२५ एवढाच. १९२६ ला पुन्हा रंग आले. तेव्हा पाटीवाल्याची माफी मागून टाका.

टायमिंग_चेन

असेल बुवा. पण पाटीवर साल १९१९ होतं.

ग्रीसचे_हात

रेडिएटर पितळी होता की काळा?

टायमिंग_चेन

काळा. फोटो आहे माझ्याकडे.

ग्रीसचे_हात

मग निदान १९१७ ची तरी आहेच, कारण पितळी रेडिएटर त्याआधीच बंद झाला. १९१९ ची लाल गाडी मूळ रंगात असूच शकत नाही. टायमिंगराव, तुमचं उत्तर बरोबर, कारण साफ चूक. हँडब्रेक, तुमचं कारण बरोबर, पण साल न विचारताच माफी मागायला लावलीत.

हँडब्रेक

मान्य. (दात ओठ खात.)

डबल_क्लच_ताई

रंगावर पानंच्या पानं भरलीत, आता जरा माझंही ऐका. फिवाची अट फक्त वयाची नाही. गाडी रोजच्या वापरातली नको, असंही त्यात आहे. मी माझी गाडी आठवड्यातून चार दिवस कामावर नेते. म्हणजे ती बावन्न वर्षांची असूनही त्या हिशेबाने जुनी नव्हेच! तेव्हा ती व्याख्या माझ्यापुढे कुणी नाचवू नये.

दुसरं म्हणजे, तुम्हा लोकांना गर्दीचा, आवाजाचा, रंगाचा त्रास होतो. मला होतो तो एका प्रश्नाचा: 'मिस्टरांची गाडी का?' दर प्रदर्शनात, निदान दहा वेळा. गाडी माझी, कागद माझ्या नावावर, पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी यंत्रणा) नाही म्हणून दोनदा क्लच दाबून गिअर टाकणारी मी. नवऱ्याला ती सुरूसुद्धा करता येत नाही, चोक किती ओढायचा याचा अंदाज नाही त्याला. तरी लोक माझ्या डोक्यावरून त्याला विचारतात, 'ॲव्हरेज काय देते?' तो बिचारा माझ्याकडे बघतो.

आणि असं विचारणारे सुपरकारवाले कधीच नसतात, हे जुनं_ते_सोनं यांनी नोंदवून ठेवावं. हे सगळे जुन्या गाड्यांचे जाणकारच. उलट त्या पिवळ्या गाडीचा पंचविशीतला मालक एकटाच माझ्या गाडीशी उकिडवा बसला आणि म्हणाला, 'हिचे कार्ब्युरेटर तुम्ही स्वतः ट्यून करता? दाखवाल?' वीस मिनिटं होता. त्याच्या गाडीचं झाकण उघडलं तर आत नुसतं प्लास्टिक दिसतं, असं तोच म्हणाला.

जुनं_ते_सोनं

ताई, तो प्रश्न मीही विचारला असेल कुणाला तरी. पुढे विचारणार नाही. पण त्या पोराचं कौतुक मला सांगू नका, रेस देणारा तोच होता.

डबल_क्लच_ताई

तोच. मी त्याला सांगितलं की ताटकळलेल्या गार इंजिनाला अशी रेस देऊ नकोस, तेल नीट पोचायच्या आत झीज होते. त्यानंतर दिवसभर दिली नाही. तुम्ही सांगून पाहिलं होतंत?

जुनं_ते_सोनं

मी रागाने बघितलं होतं.

पाना_नं_दहा

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. उभ्या गाड्यांचं प्रदर्शन ही कल्पनाच मला पटत नाही. मर्सिडीज ३०० एसएल, पंखांसारख्या दारांची, तिचं उदाहरण घ्या. लोकांना वाटतं दारं मिरवायला वर उघडतात. तशी ती केली कारण नळ्यांची चौकट बाजूंनी इतकी उंच येते की साध्या दाराला जागाच उरत नाही. हे किती पाट्यांवर लिहिलेलं असतं? शिवाय तिचं इंजेक्शन यांत्रिक. किल्ली बंद केली तरी इंजिन थांबेपर्यंत पंप पेट्रोल सोडत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. लांब पळवली नाही तर तेल पातळ होतं. अशी गाडी ट्रेलरवरून उतरवून पन्नास मीटर चालवायची, दिवसभर उभी करायची, पुन्हा पन्नास मीटर! हा तिचा छळ आहे. गाड्या पळवा, आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून बघू.

हँडब्रेक

कडेला उभं राहून चार सेकंद दिसते गाडी. तेवढ्यात दारं तशी का, हे कोण सांगणार तुम्हाला? मला तरी ते एका मालकाने उंबऱ्यासारख्या त्या कडेवर हात ठेवून दाखवलं होतं. आणि सित्रोएन डीएस तर उभी असतानाच बघायची. इंजिन चालू केलं की झोपलेलं जनावर उठावं तशी हळूहळू वर येते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिशीचा होतो आणि शेजारच्या लहान मुलाबरोबर टाळ्या पिटत होतो.

ग्रीसचे_हात

तीच डीएस एका शहाण्याने माझ्याकडे आणली होती. तिला वर उचलणाऱ्या हायड्रॉलिक्समध्ये, हिरव्या तेलाच्या जागी लाल तेल ओतून. सगळी सीलं गेली. पण बाहेरून चकचकीत होती हो!

सहा_वर्षं_गॅरेजात

आलात पुन्हा चकचकीतवर. पालथ्या घड्यावर पाणी.

ग्रीसचे_हात

बरं, एक विचारतो. तळाचा पत्रा नवा घातलात तेव्हा मूळ वेल्डिंगसारखेच ठिपके ठेवलेत की सरळ रेघ मारलीत?

सहा_वर्षं_गॅरेजात

ठिपके. मोजून. जुन्या तुकड्यावरून अंतर घेतलं होतं.

ग्रीसचे_हात

हं. मग खालून बघायला आवडेल. वरून नाही.

जुनं_ते_सोनं

मूळ मुद्द्यावर: सुपरकार येऊ देत, पण वेगळ्या ओळीत. आणि गाडीला टेकू नका. एवढं तरी लिहून घ्याल की नाही आयोजकांकडून?

हँडब्रेक

टेकू नका, शंभर टक्के मान्य. वेगळी ओळ नाही. आणि 'गाडी नसलेल्यांनी गर्दी करू नये' हे वाक्य अजून तुम्ही मागे घेतलेलं नाही, बघतोय मी.

जुनं_ते_सोनं

तुमची पहिल्यांदा कुठे बंद पडली, हे विचारणाऱ्यांनी करावी. माझी फाटकातच पडली होती.