'लर्न्ड हेल्पलेसनेस': अर्जित असहाय्यता की अगतिकता?

पानपिशी:
मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचं भाषांतर चालू आहे. 'लर्न्ड हेल्पलेसनेस'ला (आपल्या करण्याने काही बदलत नाही असा अनुभव घेतल्यावर, पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न सोडणं) 'अर्जित असहाय्यता' लिहिलं होतं, तपासनिसांनी खोडून 'अगतिकता' केलं. आणि प्रयोगातल्या 'योक्ड' गटाला काय म्हणावं? 'जोखडबद्ध' वाचवत नाही.

रानजाई:
'अर्जित' म्हणजे कमावलेलं. अर्जित रजा ठीक, असहायता कोण कमावतं? शिवाय शब्द 'असहाय' आहे, 'असहाय्य' नव्हे.

आडवाट:
'असहाय्य' रूढ आहे, वर्तमानपत्रं तेच छापतात. लोक वापरतात ते चूक कसं?

रानजाई:
'साहाय्य'चा 'य्य' तिथे उगाच चिकटला आहे. पाठ्यपुस्तकात तरी नको.

खडीसाखर:
तपासनिसांचा 'अगतिकता' मात्र साफ चुकीचा. अगतिक म्हणजे ज्याला दुसरी गतीच नाही. सेलिगमन-मायर या मानसशास्त्रज्ञांचा १९६७चा प्रयोग बघा. कुत्रे झोळीत बांधलेले. पहिल्या गटाला डोक्याने बाजूची फळी दाबून शॉक बंद करता येई. दुसऱ्याला शॉक पहिल्याला बसतील तेवढेच, पण फळी दाबून उपयोग शून्य; हाच 'योक्ड' गट. तिसऱ्याला शॉकच नाही. नंतर सगळ्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवलं, मध्ये खांद्याइतका आडोसा. दिवे मंद झाले की १० सेकंदांनी शॉक, आडोशापलीकडे उडी मारली की सुटका. दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे जागीच पडून राहिले. झोळीत ते अगतिक होते. पेटीत गती होती, तरी त्यांनी हातपाय गाळले.

आडवाट:
मग 'हातपाय गाळणे'च घ्या की!

खडीसाखर:
त्यात दोष कुत्र्याच्या माथी येतो. आडोसा काढून हाका मारल्या, पलीकडे खाणं टाकलं, तरी ते हलेनात. दोरीने पुन्हापुन्हा ओढून पलीकडे न्यावं लागलं, तेव्हा कुठे स्वतःहून जाऊ लागले. नुसता धीर देऊन भागत नाही, हे त्या शब्दाने झाकलं जातं.

सांजवेळ:
'शिकलेली' तरी कशाला? २०१६मध्ये मायर-सेलिगमननी स्वतःच सिद्धान्त उलटा केला. लांबलेल्या त्रासात गळाठणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया, ती शिकावी लागत नाही. शिकला जातो तो ताबा: 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला (मेंदूच्या पुढच्या भागाला) कळलं, की ते त्या प्रतिक्रियेला लगाम घालतं.

रानजाई:
मलेरिया म्हणजे दूषित हवा. डास सापडले म्हणून नाव बदललं नाही. संज्ञा मुळाला धरूनच हवी: 'शिकलेली असहायता'.

सांजवेळ:
मराठीत नाव आत्ता पाडतोय. जुनी चूक मुद्दाम कशाला उचलायची?

आडवाट:
आणि 'असहाय्य'चा निकाल कोणत्या कोशावर लावायचा ते आधी ठरवा.

पानपिशी:
'योक्ड'चं कोणी सांगेल का? प्रकरण छपाईला जायचं आहे.