शाखांतील राउटरचे लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर पाठवताना येणाऱ्या अडचणी

प्रश्न:
नमस्कार. आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात डेबियन या लिनक्स प्रणालीवर आरसिस्लॉग हा लॉग (घडामोडींच्या नोंदी) गोळा करणारा प्रोग्राम चालवून एक लॉग सर्व्हर उभा केला आहे. शाखांतील सर्व सिस्को राउटरांवर 'लॉगिंग होस्ट' या आज्ञेने त्याचा पत्ता दिला असून संदेश यूडीपी या (पोच न घेणाऱ्या) प्रोटोकॉलच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर येतात. मात्र शाखेची मुख्य लाईन बंद पडून राउटर पर्यायी लाईनवर गेला, की त्याच राउटरचे संदेश वेगळ्या आयपी पत्त्यावरून येऊ लागतात आणि सर्व्हरवर दुसरी फाइल तयार होते. काही राउटरांच्या संदेशांतील वेळ साडेपाच तासांनी मागे दिसते. सर्वांत चिंतेची बाब म्हणजे लाईन बंद पडल्याचा संदेशच बहुधा पोहोचत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर:
राउटर ज्या इंटरफेसमधून (जोडणीच्या टोकातून) संदेश बाहेर पाठवतो, त्याचाच पत्ता पाठवणाऱ्याचा म्हणून लावतो. त्यामुळे मार्ग बदलला की पत्ताही बदलतो. प्रत्येक राउटरवर एक लूपबॅक (कोणत्याही लाईनशी न बांधलेला, आभासी) इंटरफेस तयार करून 'लॉगिंग सोर्स-इंटरफेस लूपबॅक०' ही आज्ञा द्यावी, आणि तो पत्ता दोन्ही लाईनवरून मुख्य कार्यालयापर्यंत पोहोचतो याची खात्री करून घ्यावी.

वेळेच्या बाबतीत, 'सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम' या आज्ञेपुढे 'लोकलटाइम' हा शब्द नसेल, तर टाइमझोन नीट दिलेला असूनही संदेशात यूटीसी (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक) वेळच उमटते. 'एमसेक' (सेकंदाचे हजारांश) आणि 'शो-टाइमझोन' (टाइमझोनचे नाव) हेही जोडावेत. वेळेच्या आधी तारांकन दिसत असेल, तर त्या राउटरच्या घड्याळावर विसंबता येत नाही, म्हणजे तेथे एनटीपीकडे (नेटवर्कवरून घड्याळे जुळवणाऱ्या प्रोटोकॉलकडे) आधी लक्ष द्यावे लागेल. शिवाय जुन्या सिस्लॉग पद्धतीच्या वेळेत वर्ष नसतेच, म्हणून आरसिस्लॉगच्या टेम्प्लेटमध्ये (नोंद लिहिण्याच्या साच्यात) सर्व्हरला संदेश मिळाल्याची वेळ आणि पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता या दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात, असा माझा आग्रह राहील.

दुसरे उत्तर:
हरवणाऱ्या संदेशाबद्दल लिहितो. लाईन तुटते त्या क्षणी राउटर संदेश पाठवतो खरा, परंतु पर्यायी मार्ग लागू होण्यास काही सेकंद जातात आणि यूडीपीमध्ये पोच नसल्याने तो संदेश पुन्हा पाठवला जात नाही. टीसीपी (पोच घेणारा प्रोटोकॉल) वापरल्यास वाटेतील गळती कमी होते, तरी तुटलेल्या मार्गावर तोही काही पोहोचवू शकत नाही. त्यामुळे 'लॉगिंग बफर्ड' चालू ठेवून राउटरमध्येही एक प्रत असू द्यावी. ती मेमरीत असल्याने राउटर पुन्हा सुरू झाल्यावर पुसली जाते, हे ध्यानात असावे. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे मुख्य कार्यालयातील राउटरवरील नोंदी पाहणे, कारण शेजारी राउटरशी संबंध तुटल्याचा ओएसपीएफ किंवा बीजीपी या मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलचा संदेश तेथून सर्व्हरपर्यंत विनाअडथळा येतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. लूपबॅकचा उपाय लागू पडला. आता किती पातळीपर्यंतचे लॉग पाठवावेत आणि ते किती काळ ठेवावेत?

पहिले उत्तर देणारे:
गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. शाखांसाठी ६, म्हणजे 'इन्फर्मेशनल', पुरेशी आहे. ७ ही डीबगची पातळी असून ती कायम चालू ठेवल्यास सर्व्हरची डिस्क आणि राउटरचा प्रोसेसर या दोहोंवर ताण येतो. लॉगिनच्या यशस्वी व फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदी मात्र वेगळ्या आज्ञांनी चालू कराव्या लागतात. त्या अवश्य कराव्यात. कालावधीबाबत, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे १८० दिवसांचे लॉग जपून ठेवणे आवश्यक आहे, आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळती ठेवावीत, असेही त्यात म्हटले आहे. लॉगरोटेट या जुन्या लॉग फाइली आपोआप हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये रोज एक फाइल, जुन्या फाइली संकुचित आणि १८० पेक्षा थोड्या अधिक प्रती, अशी मांडणी करावी.