मदत हवी आहे: कोॲग्युलेज चाचणी स्लाइडवर पॉझिटिव्ह, नळीत निगेटिव्ह, कोणता निकाल धरावा?

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अलीकडेच काम शिकू लागलो असून, पूच्या एका नमुन्यातील जिवाणूची ओळख पटवताना कोॲग्युलेज, म्हणजे प्लाझ्मा (रक्ताचा द्रव भाग) गोठवणारे विकर (एन्झाइम), शोधणाऱ्या चाचणीचे दोन निकाल परस्परविरुद्ध आल्यामुळे अडलो आहे. ही चाचणी रोज हाताने करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रक्त अगारावर (रक्त मिसळलेल्या वाढमाध्यमावर) एका रात्रीत फिकट सोनेरी, गोल, लोण्यासारख्या मऊ वसाहती उगवल्या आणि प्रत्येकीभोवती तांबड्या पेशी विरघळल्याचे स्वच्छ कडे दिसले. ग्रॅम रंजनात (जिवाणू रंगवून त्यांचा गट ओळखण्याच्या पद्धतीत) जांभळे गोलाणू घोसाघोसाने दिसले. मधूनच काही गुलाबीही होते, पण तो दोष माझाच, कारण अल्कोहोलने धुताना मी गरजेपेक्षा जास्त वेळ थांबलो होतो. कॅटलेज चाचणीसाठी 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले. तांबड्या पेशींतही कॅटलेज हे विकर असल्याने अगाराचा कण सोबत आला तरी बुडबुडे येतात, म्हणून लाकडी काडीने वसाहतीचा केवळ माथा उचलला. लगेच फसफसले. येथपर्यंत कोॲग्युलेज बनवणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू असावा, याबद्दल मला शंका नव्हती.

स्लाइडवर सशाच्या प्लाझ्माचा थेंब मिसळताच काही सेकंदांत दाणेदार पुंजके झाले. शेजारच्या सलाईनच्या थेंबात तसे काही झाले नाही, म्हणजे जिवाणू आपोआप गोळा होत नव्हते. खात्रीसाठी त्याच वसाहतीतून अर्धा मिलिलिटर प्लाझ्माची नळी लावून ती संध्याकाळी 37 अंश सेल्सिअसच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली आणि सकाळी पाहिली, तर प्लाझ्मा पाण्यासारखा पातळ. गुठळीचा मागमूस नाही. नळीची चाचणी अधिक विश्वासार्ह मानतात हे मी वाचले आहे. मग स्लाइडचा निकाल सोडून द्यावा का?

प्रतिसाद

निकाल सोडून देण्याआधी, ती नळी मध्ये कोणी पाहिली होती का, हे सांगावे. आपल्या वर्णनावरून ती रात्रभरात कोणीही पाहिलेली दिसत नाही, आणि माझ्या मते घोळ तेथेच आहे. ऑरियसच्या अनेक वाणांमध्ये स्टॅफिलोकायनेज नावाचे द्रव्य असते. ते प्लाझ्मातील प्लास्मिनोजेनचे प्लास्मिनमध्ये रूपांतर घडवते आणि प्लास्मिन झालेली गुठळी पुन्हा विरघळवते. म्हणून नळी पहिल्या 4 तासांत अधूनमधून पाहायची असते, तीही हलकेच तिरपी करून; हलवली तर नुकती धरू लागलेली गुठळी मोडते. 4 तासांनंतरही काही दिसले नाही, तर नळी खोलीच्या तापमानाला ठेवून 24 तासांनी पुन्हा पाहावी.

तथापि दुसरी शक्यताही ध्यानात घ्यावी. स्लाइडवर दिसतो तो जिवाणूच्या भित्तिकेला चिकटलेला, फायब्रिनोजेन पकडणारा घटक. नळीत दिसते ते बाहेर सोडलेले कोॲग्युलेज. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॅफिलोकोकस लुग्डुनेन्सिस स्लाइडवर पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि नळीत निगेटिव्हच राहतो. तो निरुपद्रवी समजून बाजूला टाकण्याजोगा नाही, कारण हृदयाच्या झडपांना होणाऱ्या त्याच्या संसर्गाचे स्वरूप गंभीर असते. पीवायआर आणि ऑर्निथिन डीकार्बोक्सिलेज या, जिवाणूतील ठरावीक विकरे तपासणाऱ्या, चाचण्या लावाव्यात. लुग्डुनेन्सिस दोन्हींत पॉझिटिव्ह येतो, ऑरियस दोन्हींत निगेटिव्ह. जिवाणूच्या प्रथिनांवरून त्याची ओळख पटवणारे माल्डी-टॉफ यंत्र उपलब्ध असेल तर दोघांतील फरक काही मिनिटांत कळतो, परंतु शिकाऊ माणसाने नळी एकदा तरी स्वतः पाहावी, असे मला वाटते.

आणखी एक. चाचणी ताज्या वसाहतीवर करावी आणि सोबत माहितीतील ऑरियसची नळी लावावी, म्हणजे प्लाझ्माच खराब असल्याची शंका उरत नाही.

मूळ प्रश्नकर्त्याचा खुलासा

आपला अंदाज बरोबर ठरला, मनःपूर्वक आभार. ताज्या वसाहतीतून सकाळीच पुन्हा नळी लावली आणि दर अर्ध्या तासाने पाहिली. तिसऱ्या तासाला प्लाझ्मा जेलीसारखा धरला आणि नळी तिरपी केली तरी जागचा हलला नाही. तुलनेची नळी त्याआधीच धरली होती. मुद्दाम तशीच ठेवलेली आमच्या नमुन्याची नळी दुसऱ्या दिवशी पाहिली, तेव्हा तळाशी एक धुरकट धागा तेवढा तरंगत होता. पीवायआर आणि ऑर्निथिन, दोन्ही निगेटिव्ह आले. आमच्या वरिष्ठांनी ऑरियस म्हणून अहवालावर सही केली आहे.