एआयने कळतं का पेशंटला आतून समजतंय की नाही?

पुतण्या_०७: काकांना अपघात होऊन सात आठवडे झाले, डोक्याला मार. डोळे उघडतात, जांभई देतात, पण हाक मारली तर काहीच नाही. डॉक्टर म्हणतात व्हेजिटेटिव्ह स्टेट, म्हणजे जागे दिसतात पण जाणीव नाही. पण काकू रोज हात हातात घेऊन 'दाबा बघू' म्हणते आणि ते दाबतात, मी स्वतः पाहिलंय. आता कोणीतरी ग्रुपवर टाकलंय की एआय मेंदूच्या लहरी वाचून सांगतं म्हणे शुद्ध आहे की नाही. खरंय का, की नुसती हवा?

आयसीयू_फिजिओ: हात दाबण्यावर जाऊ नका हो. तळहाताला काही लागलं की मूठ वळते, तान्ह्या बाळाची वळते तशी, तो रिफ्लेक्स असू शकतो. 'सोडा' म्हणून बघा, किंवा हात न लावता 'अंगठा वर करा' म्हणा आणि मग गप्प थांबा दहा-पंधरा सेकंद, लोक लगेच पुढचं बोलायला लागतात. आणि छोटा आरसा न्या. चेहऱ्यासमोर धरून हळूहळू बाजूला सरकवा, नजर मागे जाते का बघा, बोट फिरवून जे दिसत नाही ते आरशात दिसतं बऱ्याचदा. सीआरएस-आर म्हणून शुद्धीची ठरावीक पायऱ्यांनी तपासणी असते, त्यातली पद्धत आहे ही. ती एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावी लागते. २००९ च्या एका अभ्यासात व्हेजिटेटिव्ह असा शिक्का बसलेल्या ४४ पैकी १८ जणांत तिनेच थोडीफार जाणीव सापडली. तिथे एआय नव्हतं.

लहरी: हवा नाहीये पण. कानात हेडफोन लावून 'उजवा हात उघड-मीट करत राहा', मग 'थांबा' असं सांगतात, हात हलत नाही, पण त्या दोन वेळचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, वेगळा आहे का हे मशीन लर्निंग, म्हणजे तुम्ही म्हणता ते एआय, शोधतं. २०१९ मध्ये १०४ पेशंटमध्ये असे १६ निघाले, आणि वर्षभराने दिवसातले आठ तास स्वतःचं स्वतः बघू शकणारे त्यांच्यात ४४ टक्के होते, बाकीच्यांत १४. पण उलटं वाचू नका. २०११ च्या अशाच एका प्रयोगात १२ धडधाकट माणसांपैकी ३ जणांचा सिग्नल मशीनला सापडलाच नाही, आणि त्या आकडेमोडीवर नंतर वादही झाला. म्हणजे 'सापडलं' याला अर्थ आहे, 'नाही सापडलं' म्हणजे आत कोणी नाही असं नाही. शिवाय हे अजून बहुतेक रिसर्चपुरतंच आहे, कोणी अ‍ॅप दाखवून पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

रातपाळी: आधी विचारा झोपेचं किंवा फिटचं औषध किती चालू आहे. नीट ऐकू येतंय का तेही. गुंगीतला माणूस काय अंगठा वर करणार.

पुतण्या_०७: आज आरसा नेला. दोनदा काहीच नाही, तिसऱ्यांदा नजर डावीकडे सरकली, की मलाच तसं वाटलं कोण जाणे. मोबाईलवर शूट केलंय, उद्या राउंडला दाखवतो. फिटच्या औषधाचं सिस्टरना विचारलं, सकाळी नऊला देतात आणि आम्ही भेटतो दहाला. काकूला 'सोडा' म्हणायला सांगितलं तर ती म्हणाली, मला नाही जमायचं.