अमेरिकेतील प्रेसबिटेरियन चर्चच्या इतक्या शाखा का झाल्या?

वाटसरू
नमस्कार. नोकरीनिमित्त दोन वर्षांपासून पेन्सिल्व्हेनियात राहतो. आमच्या गावात एकाच रस्त्यावर दोन प्रेसबिटेरियन चर्च आहेत. दोन्ही वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (पंथाच्या श्रद्धांची जुनी लेखी मांडणी) मानतात आणि दोन्हींचा कारभार 'वडिलांची', म्हणजे मंडळीतील निवडलेल्या ज्येष्ठांची, सभा पाहते. तरीही एकात स्त्री पाळक (धर्मोपदेशक) आहेत, तर दुसऱ्यात स्त्रीला ते पद मिळूच शकत नाही. पहिले 'प्रेसबिटेरियन चर्च (यू.एस.ए.)' या संस्थेचे आहे, दुसरे 'प्रेसबिटेरियन चर्च इन अमेरिका' या संस्थेचे. फूट कशावरून पडली असे विचारल्यावर एका शेजाऱ्याने "गुलामगिरीवरून" असे सांगितले, दुसऱ्याने "बायबलवरून". यांपैकी बरोबर कोण?

टाचण
दोघेही बरोबर आहेत, परंतु ते वेगवेगळ्या फुटींविषयी बोलत आहेत.

'प्रेसबिटेरियन' हे मुळात कारभाराच्या पद्धतीचे नाव आहे. येथे बिशप नसतो. मंडळीचे वडील, त्यांच्यावर परिसरातील मंडळ्यांची प्रेसबिटेरी, मग अनेक प्रेसबिटेरींचे सिनड आणि सर्वांत वर साऱ्या चर्चची जनरल असेंब्ली अशी सभांची उतरंड असते, आणि पाळकाची परीक्षा घेऊन त्याला दीक्षा देण्याचा अधिकार प्रेसबिटेरीकडे असतो. त्यामुळे परीक्षेत काय विचारायचे, हाच कायमचा वादाचा मुद्दा ठरला. अमेरिकेतील पहिली प्रेसबिटेरी १७०६ मध्ये फिलाडेल्फियात भरली. तिचा पुढारी फ्रान्सिस मॅकेमी याला पुढच्याच वर्षी विनापरवाना उपदेश केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने तुरुंगात टाकले, आणि निर्दोष सुटूनही खटल्याचा खर्च त्यालाच भरावा लागला. १७२९ मध्ये सिनडने ठरवले की पाळकांनी वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार स्वीकारावा, मात्र जी कलमे 'आवश्यक' नाहीत त्यांविषयी शंका असल्यास चालेल. आवश्यक कलमे कोणती, याची यादी कोणी केली नाही. माझ्या मते पुढची अडीचशे वर्षे ती यादी करण्यातच गेली.

१७४१ ते १७५८ या काळातील 'ओल्ड साइड' आणि 'न्यू साइड' ही फूट धर्मजागृतीच्या लाटेवरून आणि पाळकांच्या शिक्षणावरून पडली. न्यू साइडच्या लोकांनी १७४६ मध्ये काढलेले कॉलेज म्हणजे आजचे प्रिन्स्टन विद्यापीठ.

गुलामगिरीचा इतिहास अधिक अवघड आहे. १८१८ च्या जनरल असेंब्लीने गुलामगिरीचा कडक शब्दांत निषेध केला, आणि त्याच बैठकीत गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या जॉर्ज बोर्न या पाळकाची पदच्युतीही कायम केली. १८३७ मध्ये 'ओल्ड स्कूल' गटाने चार सिनड बाहेर काढली. वाद वरकरणी सिद्धान्ताचा आणि काँग्रिगेशनल पंथीयांशी (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणाऱ्यांशी) केलेल्या सहकार्याचा होता, पण काढलेल्या सिनडांत गुलामगिरीविरोधकांचा भरणा होता, हे दक्षिणेतील सभासदांना चांगलेच ठाऊक होते. पुढे बाहेर पडलेल्यांची 'न्यू स्कूल' १८५७ मध्ये उघडपणे गुलामगिरीवरून फुटली. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यावर ओल्ड स्कूलच्या असेंब्लीने अमेरिकेच्या केंद्र सरकारशी निष्ठेचा ठराव केला, तेव्हा दक्षिणेकडील प्रेसबिटेरी वेगळ्या झाल्या. उत्तर आणि दक्षिण एकत्र यायला १९८३ उजाडले, म्हणजे १२२ वर्षे लागली; तुमच्या रस्त्यावरचे पहिले चर्च ज्या संस्थेचे आहे ती तेव्हा झाली. दुसऱ्याची संस्था १९७३ मध्ये दक्षिणेच्या चर्चमधून बाहेर पडलेल्यांनी बर्मिंगहॅम, अलाबामा येथे स्थापली. बायबलच्या अधिकाराविषयीची शिथिलता, स्त्रियांची दीक्षा आणि उत्तरेशी होऊ घातलेले ऐक्य, ही त्यांची कारणे होती.

सनावळी
टाचण यांनी १९७३ ची कारणे त्या संस्थेच्याच शब्दांत मांडली आहेत, म्हणून एक भर घालतो. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात आपण आणि आपले पूर्वसूरी वर्णभेदात सहभागी होतो, अशी कबुली याच संस्थेच्या असेंब्लीने २०१६ मध्ये ठराव करून दिली. शेजाऱ्यांची दोन उत्तरे तुम्ही समजता तितकी वेगळी नाहीत. मात्र उत्तरेतही १९३६ मध्ये धर्मपंडित ग्रेशम मेकन यांच्या नेतृत्वाखाली 'ऑर्थोडॉक्स प्रेसबिटेरियन चर्च' वेगळे झाले. तो वाद खरोखर सिद्धान्ताचा आणि परदेशी मिशनच्या धोरणाचा होता.

करवीरकर
या भांडणांचा धागा आमच्या कोल्हापूरपर्यंत येतो. १८३७ नंतर ओल्ड स्कूलने स्वतःचे परदेशी मिशन बोर्ड काढले, तर न्यू स्कूलचे लोक काँग्रिगेशनल मंडळींसह 'अमेरिकन बोर्ड' या परदेशी मिशनच्या संस्थेतच राहिले. त्याच अमेरिकन बोर्डाकडून मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे काही वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम केले. १८६९ मध्ये उत्तरेतील ओल्ड आणि न्यू स्कूल एक झाल्या, आणि १८७० मध्ये कोल्हापूर मिशन प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. अहमदनगरचे मिशन मात्र अमेरिकन बोर्डाकडेच राहिले. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये काढलेले इस्पितळ याच प्रेसबिटेरियन मिशनचे.

वाटसरू
सर्वांचे आभार. पहिल्या चर्चच्या कोनशिलेवर '१८४१' आणि 'दुसरे प्रेसबिटेरियन चर्च' असे कोरले आहे. ते १८३७ च्या फुटीतून झाले असावे का?

टाचण
शक्यता आहे, कारण त्या फुटीनंतर अनेक गावांत 'दुसरे' चर्च उभे राहिले. पण केवळ वस्ती वाढल्यामुळेही ते नाव पडत असे. चर्चच्या कार्यालयात वडिलांच्या सभेची जुनी इतिवृत्ते पाहायला मागा. ती तेथे नसतील, तर फिलाडेल्फियातील प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत चौकशी करा. ती १८५२ पासून असे दप्तर जपते आहे. चर्च कोणत्या प्रेसबिटेरीत दाखल झाले, हे कळले की तुमचे उत्तर मिळेल.