व्हॅल्युएशनचं काम एकटीने करते : मदतीला माणूस घ्यावा, की कामच कमी करावं?

मोजपट्टी

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण तुटक लिहिला तर उत्तरंही तुटक येतील, म्हणून सविस्तर लिहिते.

मी गेली ११ वर्षं मालमत्तांचं मूल्यांकन करते. फ्लॅट, बैठी घरं, दुकानं, कधी लहान कारखान्यांच्या शेड. बहुतेक काम बँकांचं, थोडं वाटणीचं आणि वारसाहक्काचं. ऑफिस म्हणजे घरातली एक खोली आणि माणूस मी एकटीच. फोन मी घ्यायचा, पाहणीला मी जायचं, मोजमाप, फोटो, कागदपत्रं, आसपासच्या घरांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार शोधणं, रिपोर्ट, बिल सगळं माझ्याकडे. बिल थकलं की तगादाही मीच लावायचा.

मागच्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. एका घरातल्या बेडरूमची रुंदी लेझर मीटरवर ३.४६ मीटर आली होती. वहीत तशीच लिहिली आहे, ते पान आत्ता समोर उघडं आहे. रात्री एक वाजता तक्ता भरताना मी ती ४.३६ टाकली. लांबी ४.१० होती, म्हणजे खोली बसल्या जागी ३.६९ चौरस मीटरने वाढली आणि त्या हिशोबात किंमतही. रिपोर्ट तसाच गेला. सकाळी नकाशा फाइलला लावताना बेरीज केली. बाहेरून घराची रुंदी ७.१५. आतल्या दोन खोल्या ३.४६ आणि ३.१३, मधली भिंत ०.१०, बाहेरच्या दोन भिंती ०.२३च्या. बरोब्बर ७.१५. तक्त्यातला आकडा घेतला तर ८.०५. पोटात गोळाच आला. बँकेला लगेच फोन करून चूक सांगितली, दुपारपर्यंत दुरुस्त रिपोर्ट दिला. कर्ज अजून मंजूर व्हायचं होतं, त्यामुळे निभावलं.

पण ही बेरीज मी पूर्वी प्रत्येक रिपोर्टला करायची. दोन मिनिटांचं काम आहे. ती सवय कधी सुटली हे मला कळलंसुद्धा नाही, याचंच जास्त वाईट वाटतंय.

मग तीन आठवडे वेळेची नोंद ठेवली. १८ रिपोर्ट झाले, म्हणजे आठवड्याला ६. एका रिपोर्टमागे सरासरी अशी पडली : प्रवास ७५ मिनिटं, पाहणी ५५, कागदपत्रं ५०, तुलनेसाठी व्यवहार शोधून ताडून बघणं ९०, हिशोब आणि लिखाण १००, फोन करून वेळ ठरवणं ३५, फोटो लावून त्यांना नावं देणं आणि फाइल करणं ४५, बिल १५. एकूण ७ तास ४५ मिनिटं.

आता कोणाला घ्यायचं हेच ठरत नाही. शिकाऊ मूल्यांककाला घेऊन पाहणीला पाठवावं? की ऑफिसच्या कामाला कुणी? की दोन्ही नको, आठवड्याला चारच कामं घ्यावीत? एक भीती आहे : माझं निम्म्याहून जास्त काम एकाच बँकेकडून येतं. उद्या ते आटलं तर त्या माणसाला काय सांगू? आणि दुसरी गोष्ट, सही माझी आहे. दुसऱ्याने मोजलेल्या भिंतीवर सही करायला हात धजेल का, हे मला आत्ता तरी सांगता येत नाही.

ओळंबा

ताई, सगळ्यात आधी : चूक स्वतः पकडून स्वतः फोन केलात, हे फार चांगलं केलंत.

मी या धंद्यात २६ वर्षं आहे. मी पहिला माणूस घेतला तो शिकाऊ मूल्यांकक, आणि पहिल्याच महिन्यात त्याला पाहण्यांना पिटाळलं. मुलगा हुशार, मेहनती. एका घराचे ४० फोटो घेऊन आला, मोजमापं चोख. मी रिपोर्ट लिहायला बसलो आणि अडलो. हॉलच्या चार भिंतींपैकी एकीचाच रंग ताजा दिसत होता. का? त्याने विचारलं नव्हतं, कारण विचारायचं असतं हे मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. भिंतीला तळहात लावला तर गार आणि दमट. पलीकडे बाथरूम होतं आणि त्याची गळती नव्या रंगाखाली दडवलेली होती. फोटोत हे दिसत नाही. घरात पाऊल टाकताच येणारा ओलीचा वासही फोटोत येत नाही.

तेव्हा त्या मुलाला दोष दिला नाही, आजही देत नाही. चूक क्रमाची होती. जे काम मला सर्वात चांगलं येतं तेच मी आधी हातावेगळं केलं, आणि फोटोंना नावं द्यायला रात्री मीच बसत होतो.

तुमच्या नोंदीतच उत्तर आहे. फोन ३५, फोटो-फाइल ४५, बिल १५, ही ९५ मिनिटं झाली. व्यवहारांच्या ९० मिनिटांतली साधारण ४० नुसती माहिती गोळा करण्यात जात असतील. कोणता व्यवहार तुलनेला घ्यायचा, कोणता टाकायचा, मजल्यासाठी किंवा इमारतीच्या वयासाठी किमतीत किती फरक धरायचा, ते तुमचंच. लिखाणातली ३० मिनिटं ठरलेले रकाने भरण्याची. झाली १६५. आठवड्याला ६ रिपोर्ट म्हणजे साडेसोळा तास. तुम्हाला मूल्यांकक नकोय, आठवड्याला साडेसोळा तासांचा नीटनेटका माणूस हवाय.

सहीबद्दल : मदतनीस ठेवला म्हणून जबाबदारी वाटली जात नाही. अमेरिकेतल्या युस्पॅप नियमांत (मूल्यांककांसाठीचे तिथले व्यावसायिक नियम) तर मूल्यांकनात कुणी लक्षणीय मदत केली असेल तर त्याचं नाव रिपोर्टमधल्या प्रमाणपत्रात लिहावं लागतं, आणि तरीही सही करणारा पूर्ण रिपोर्टला बांधील असतो. तुमच्याकडे आणि तुमच्या बँकांच्या करारात पाहणी कोणी करायची याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या. बऱ्याचदा ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

गणिती

माझा व्यवसाय वेगळा आहे, पण "काम कमी घ्यावं का" या भागावर बोलतो, कारण तो पर्याय इतका सहज सोडून देऊ नये.

रांगेचं एक साधं गणित आहे. काम करणारा एकच, कामं कधीही येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ बराच कमीजास्त. अशा वेळी तुमचा ८० टक्के वेळ भरलेला असेल, तर नवं आलेलं काम हातात घेईपर्यंत सरासरी ४ कामांइतका वेळ रांगेत थांबतं. ९० टक्क्यांना ९ कामांइतका, ९५ टक्क्यांना १९. तुमच्या एका कामाला पावणेआठ तास लागतात. म्हणजे ९० टक्क्यांवर जवळपास ७० कामाचे तास नुसती वाट बघणं. बँकांचे "रिपोर्ट कुठे आहे?" असे फोन त्यातूनच येतात, आणि रात्री एक वाजता तक्ता भरायची वेळही त्यातूनच येते. तुम्ही हळू काम करता असं अजिबात नाही, तुमच्या आठवड्यात श्वास घ्यायला जागा उरलेली नाही.

म्हणून मदतनीस आल्यावर मोकळे होणारे साडेसोळा तास लगेच नव्या कामांनी भरू नका. भरलेत तर दोन महिन्यांत पुन्हा इथेच याल, वर पगार द्यायचा असेल तो वेगळा.

खतावणी

मी हिशोब बघते, अशा छोट्या ऑफिसांचेच. नुसता पगार मोजू नका. दुसरा लॅपटॉप, सॉफ्टवेअरचं दुसरं लायसन्स, सुट्ट्या, आणि सुरुवातीचे तीन महिने शिकवण्यात आणि तपासण्यात जाणारे तुमचे तास, हेही खर्चच आहेत. पहिल्या महिन्यात तुमचं काम वाढेल, कमी होणार नाही. ते धरूनच चला.

पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जातो, बँकेचं बिल मात्र तिच्या सवडीने येतं. त्यामुळे सहा महिन्यांचा पगार बाजूला काढून ठेवल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नका. एका बँकेवर अवलंबून आहात, म्हणून तर हे जास्तच गरजेचं. बँक आटली तर त्या माणसाला काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. सहा महिने हातात असतील तर त्याला वेळेत सांगता येईल आणि त्याला दुसरीकडे बघता येईल.

आणि एक कळकळीने सांगते, रिपोर्टमागे पैसे देऊ नका. तासावर द्या. रिपोर्टमागे दिलेत की तो माणूस घाई करणार, आणि घाईतून बाहेर पडायलाच तुम्ही त्याला आणताय.

मोजपट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. ओळंबादादा, तो गार भिंतीचा प्रसंग वाचून थांबलेच. मीही भिंतीला हात लावते, पण हे कुणाला शिकवायचं असतं असं कधी मनात आलं नव्हतं.

एक अडचण राहते. लोकांच्या घराचे आतले फोटो, मालकीचे कागद, कर्जाची माहिती, हे सगळं माझ्याकडे विश्वासाने येतं. ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं म्हणजे जिवावर येतं.

उंबरठा

याचं उत्तर मी देऊ शकते, कारण मी त्या खुर्चीत बसले आहे. चार वर्षं एका मूल्यांककाकडे मदतनीस होते.

काम त्यांच्याच कॉम्प्युटरवर, माझं लॉगिन वेगळं, मला फक्त चालू फाइली दिसायच्या. स्वतःच्या फोनवर एकही फोटो घ्यायचा नाही, असं पहिल्या दिवशी लिहून घेतलं होतं. मला त्यात अपमान वाटला नाही. उलट कुठे काही फुटलं तर माझ्यावर बालंट येणार नाही, याचा आधार वाटला.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळं. पहिले पाच महिने मी फक्त फोटोंना नावं देत होते. "भिंत", "खिडकी", "भिंत". एक दिवस सर मला पाहणीला घेऊन गेले. काम काहीच दिलं नाही, फक्त बरोबर चल म्हणाले. त्यांनी खिडकीखालची तडे गेलेली जागा दाखवली, मग बाहेरून जाऊन त्याच भिंतीला टेकलेली झाडाची मुळं दाखवली. त्यानंतर मी लिहायला लागले : "मागची भिंत, खिडकीखाली, तिरका तडा, बाहेरून झाड जवळ." सरांचं लिखाण निम्मं सोपं झालं, आणि मलाही आपण नक्की काय करतोय ते कळलं. ताई, जो कुणी येईल त्याला पाच महिने थांबवू नका. पहिल्याच आठवड्यात एकदा बरोबर न्या.

मोजपट्टी

ठरवलं. ऑफिसच्या कामालाच कुणीतरी घेणार, आठवड्यातून चार दुपारी, प्रत्येकी चार तास. तासावर पैसे, वेगळं लॉगिन, पहिल्या आठवड्यात दोन पाहण्या माझ्याबरोबर. पाहणी, व्यवहारांची निवड आणि हिशोब माझ्याकडेच राहील. सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम जमायला मला अजून दोन महिने लागतील, तोवर आठवड्याला पाचच कामं घेते. बँकेला तसं आजच कळवलं. तिकडून कुरकुर होईल असं वाटलं होतं, पण तिथले अधिकारी एवढंच म्हणाले की तारीख सांगा आणि ती पाळा.

मुलाखतीसाठी पाच जुने रिपोर्ट काढून ठेवलेत, नावं-पत्ते खोडून, सोबत वहीतल्या पानांच्या प्रती. त्यात तो ४.३६ वालाही आहे, चुकीसकट. येणाऱ्याला नकाशा आणि तक्ता देऊन एवढंच सांगणार आहे : बेरीज करून बघ.