कॉपरमाइन नदी कॅनूने, शेवट कुगलुकटुक: कोणी गेलंय का?

उत्तरवारा: नमस्कार मंडळी. कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुतमधे कॉपरमाइन नदी आहे, ८४५ किमी लांब, आर्क्टिक महासागराला मिळते तिथे कुगलुकटुक हे इन्युइट लोकांचं, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांचं गाव. पुढच्या वर्षी आम्ही चौघं खालचा टप्पा कॅनूने करायचा विचार करतोय. कधी जावं? आणि गावात थांबण्यासारखं काही आहे का, की पोचलो की लगेच विमान पकडायचं?

वल्हेकरी: जुलैचा मध्य ते ऑगस्ट, त्याआधी बर्फाचा भरवसा नाही. रस्ता नाहीच, यलोनाइफ शहराहून पाण्यावर उतरणारं छोटं विमान करून वर कुठेतरी उतरायचं आणि प्रवाहाबरोबर खाली यायचं. एस्केप रॅपिड्सला, म्हणजे तिथल्या खळाळत्या वेगवान पाण्याला, आधी काठावर उतरून पाणी नीट बघा, आणि ब्लडी फॉल्सला तर कॅनू खांद्यावर घेऊन चालायचंच, तिथे हिंमत दाखवायला जाऊ नका प्लीज. पाणी इतकं गार असतं की उलटलात तर हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. जुलैत डासही भयंकर.

जुनीपानं: ब्लडी फॉल्सला नुसतं सामान वाहून पुढे पळू नका हो. १७७१ च्या जुलैत सॅम्युअल हर्न हा हडसन्स बे कंपनीचा प्रवासी तांब्याच्या शोधात इथे आला, तेव्हा त्याच्यासोबतच्या डेने या दुसऱ्या मूळनिवासी लोकांनी तंबूत झोपलेल्या इन्युइट कुटुंबांची कत्तल केली, त्यावरूनच हे नाव पडलं. पण हीच जागा पिढ्यान् पिढ्या मासेमारीचीही आहे, गावापासून साधारण १५ किमी वर, आणि आजही लोक बोटीने तिथे ‘चार’ (char, सामनच्या कुळातला मासा) धरायला येतात, त्यामुळे तिला फक्त त्या एका रात्रीपुरती धरणं मला पटत नाही.

वल्हेकरी: अगदी बरोबर. आणि उत्तरवारा, गावात थांबाच! ऑगस्टमधे हा ‘चार’ मासा समुद्रातून नदीत परत चढतो तेव्हा बायका उलूने, म्हणजे अर्धगोल सुरीने, मासा चिरतात, दोन्ही बाजू शेपटीपाशी जोडलेल्या ठेवून मांसाला आडवे काप देतात आणि काठीवर वाळत घालतात, वाऱ्यावर ती केशरी रांग काय सुंदर दिसते! फोटो मात्र विचारूनच काढा. दुकानात सामान महाग, कारण जड माल उन्हाळ्यात जहाजाने येतो आणि बाकी सगळं विमानाने, म्हणून परतीपर्यंतचा शिधा आपलाच न्या, तिथल्या फळ्या रिकाम्या करू नका.

उत्तरवारा: खूप आभार दोघांचे! मग परतीचं विमान दोनतीन दिवस उशिराचंच बघतो. ऑगस्टचा दुसरा आठवडा चालेल ना?

वल्हेकरी: चालेल, फक्त किनाऱ्याला धुकं आलं तर विमान लटकतं, पुढे जास्तीचे दिवस हाताशी ठेवा.